उन्हाला काम करू दे

हॅलो? … हॅलो, कोण? … मोठ्यानं बोल, उन्हात बसलीय मी, फोनवरचं नाव दिसंना.

हां, दिपाली. बोल. … हाव, मीच हाय. माझा फोन दुसरं कोण उचलणार?

इथंच. कॉलनीच्या बागंत. … खाली, जिमिनीवर. … अगं मांडी घालून बसलीय, पडले न्हाई. पडल्यावर कोणी इतकं नीट बोलतं का?

कोणी सांगितलं तुला? … भागवतनं? बघ की. दहा हातावर हुभा हाय तो, सिमेंटच्या बाकाजवळ. मला दिसून राहिला. माझ्याशी बोलायचं सोडून नांदेडला तुझ्या हापिसात फोन लावला त्यानं. आन् तू लातूरला मला लावलास. म्हंजे दहा हाताची बात नांदेडला जाऊन आली.

न्हाई. उठत न्हाई.

दिपे, ऐक ना. … आधी ऐक, मंग वरड. सकाळी नऊला नर्सरीचा ट्रक आला. त्यात गवताच्या गुंडाळ्या. … हाव, गवताच्या. सतरंजी गुंडाळून ठेवतेत ना, तशा. दोन माणसं कुदळ-फावडं घेऊन उतरली आन् मला म्हणली, मावशी, बाजूला व्हा, हे तण काढायचंय, इथं लॉन टाकायचाय. तण म्हणले माझ्या जलपिंपळीला, माझ्या हातानं लावलेल्या वेलीला. मी इचारलं, कोणी सांगितलं? तर भागवत सायबांनी. कामून? तर उद्या सांजच्याला त्यांच्या लेकीचा, पुनमचा साखरपुडा हाय, इथंच, मांडव घालून. मंग मी काय केलं, बरोब्बर मधोमध येऊन बसले.

बास. एवढंच झालंय. अजून एक कुदळ पडली न्हाई.

तमाशा कोण करून राहिलं? मी तर बसलीय. हुभे तेच हायेत.

… पाणी हाय. बाटली हाय, डोक्यावर ओला टॉवेल हाय. … घेतली गोळी. भाकर बी खाल्ली. तुझ्यापरीस नीट हाय मी, तू डब्बा खाल्लास का?

हां, मंग गप ऐक.

काय म्हणाला तो? … माशा? … हाव, येतेत की मधमाशा. जलपिंपळीला फुलं किती बारीक हायेत, मोहरीएवढी, पर माशीला बरोबर सापडतेत. … पाव्हण्यांना चावतेन म्हणतो? साखरपुडा सांजच्याला हाय न त्याचा? माशा दिवस मावळायच्या आधी घरी जातेत. माशीला बी घर हाय.

आणिक काय म्हणाला? … डोन? … ड्रोन. ते काय असतंय? … वरून फोटो काढतंय. हां. आन् वरून हिरवंगार दिसलं पाहिजे. … अगं पर वरून बघणार कोण? घारी?

मी हसून न्हाई राहिले. लई राग आलाय मला. खरं सांगते, सकाळी ती कुदळ बघितली आन् भ्याले मी. पर बसल्यावर भ्यावं वाटंना. बसलेल्या माणसाला कुठं ढकलणार? खाली तर जिमीनच हाय.

… कशी दिसतीय म्हंजे? … कोणाला? … अगं कॉलनीतले लोक गॅलरीत हुभे हायेत, बघून राहिलेत. बघू दे. … दिपाली, तुझं मला कळतंय. न्हाई न्हाई, कळतंय. तू हे घर घेतलंस, आपल्यातलं या गल्लीत पहिलं घर, सगळ्यांशी चांगलं राहायचं, कोणाच्या तोंडी नाव यायला नको. कळतंय मला. पाच वर्ष मी मान खाली घालूनच चालले न इथं? भाजीवाल्याशी सुदिक हळू बोलते.

जागा सगळ्यांची हाय, बरोबर. सगळ्यांची म्हंजे माझी बी.

मीटिंग? कोणती मीटिंग? … ग्रुपवर? … मोबाईलच्या ग्रुपवर. भागवतनं टाकलं, बाग साफ करून लॉन टाकतो, सगळ्यांना मान्य हाय का. … मंग? … तू काय लिहिलंस त्याला?

बोल की.

… अंगठा? कसला अंगठा? … चित्र. पिवळ्या अंगठ्याचं. … ते दाबलंस तू. … वाचलंच न्हाईस. बसमध्ये होतीस.

…

हां, डोक्यावरचा टॉवेल भिजवत होते. 

दिपे, मी हजेरीच्या मस्टरवर अंगठा देत आले जल्मभर. काय लिहिलंय ते वाचता येत न्हवतं म्हून. तुला शाळंत घातलं ते काय… जाऊ दे. … रडू नको. हापिसात हायेस, लोक बघतेन. … जाऊ दे म्हणलं न. बसमध्ये धक्के बसतेत, दाबलं जातंय.

ऐक, तुला एक सांगते. कवा बोलले न्हाई. मी चाळीस वर्ष खुरपणी केली. चाळीस वर्ष काय केलं? उपटलं. दुसऱ्यानं पेरायचं आन् मी त्यातलं नको असलेलं उपटायचं. आपल्याला शेत न्हवतं, लावायचं कुठं? दाराम्होरं तुळशीएवढी बी जागा न्हवती, रस्ताच होता. त्रेसष्ट वर्षाच्या उमरीत मी पहिल्यांदा काय लावलं असंल तर हे. आन् आता कोणतरी येऊन म्हणतंय, हे उपटायचंय, बाजूला सर. न्हाई सरत. जा.

… हाव, तीच. गावाकडच्या बांधावरची. तूच म्हणलीवतीस, आई हे पोत्यात काय आणलंस, चाकूरच्या बसमध्ये कंडक्टर वरडला का. दोन वर्ष झाले त्याला. श्रावणात लावली. एक वीत सोडून एक काडी, मंग एक वीत, मंग एक काडी. तू गॅलरीतनं म्हणलीस, आई, तुला सांगितलं न आता वाकायचं न्हाई म्हून. आठवतंय?

तवा इथं काय होतं, ते बी आठव. लॉनच होता न तुमचा आधी? मी आले तवा होता. रोज टँकर लावून भिजवायचे. आन् घरात नळ आठ-आठ दिवसांनी. आपण धुण्याचं पाणी बादलीत धरून संडासाला वापरायचो आन् इथं गवत रोज ताजं पाणी प्यायचं. लातूरला. जिथं रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं. मंग एका मार्चात टँकर बंद झाला, पंधरा दिवसांत गवताचा कागद झाला. वर्षभर धूळ उडून राहिली, लेकरांचे गुडघे फुटून राहिले, तवा कोणाला मीटिंग सुचली न्हाई.

आन् हिला मी काय दिलं? कूलरचं सांडलेलं पाणी. धुण्याचं दुसरं पाणी. यंदा बुद्ध पौर्णिमेला एकदा दोन बादल्या टाकल्या, त्यावर आजपर्यंत थेंब न्हाई. थोडी लाल पडलीय, हाव. उन्हाळा हाय, माणूस बी लाल पडतंय. पर हात ठेवून बघ, खाली गार हाय. बाजूच्या फरशीवर ठेवला की चटका बसतो.

… पुनमवर माझा काय राग? पोरगी गुणाची हाय. मला आजी म्हणती. मी भागवतला सांगितलं, मांडव घाल, सतरंज्या टाक, दोनशे माणूस नाचू दे हिच्यावर, काई होत न्हाई हिला. पुनमला अनवाणी चालू दे, पायाला बरं वाटंल. तर म्हणतो, काकू, तुम्हाला कळत न्हाई, पाव्हणे पुण्याचे हायेत. … मी म्हणलं, मंग पुण्याच्या लोकांना गार लागत न्हाई का?

… आता? आता काई करायचं न्हाई. बसायचं. ऊन करून राहिलंय काम.

अगं ते ट्रकातलं गवत. उपटून, गुंडाळून, रातभर ताडपत्रीखाली आणलंय त्याला. दोन घंटे झाले इथं उन्हात हुभा हाय ट्रक. ते जिमिनीवर अंथरून लगेच पाणी पाजावं लागतंय, आन् टँकर कुठाय? भागवत सकाळधरनं टँकरवाल्याला फोन लावून राहिला, तो म्हणतो येतो येतो. मघाशी डायवरनं एक गुंडाळी उकलली, तर आतनं वाफ. शेणाच्या ढिगातनं येती तशी. पिवळं पडाया लागलंय. मी काई वाईट बोलले न्हाई त्या गवताला. त्याची काय चूक हाय? त्याला कोणी इचारून आणलंय?

… भागवतची माफी?

कशाची माफी, दिपाली?

… न्हाई. तुला मागायची असंल तर माग, अंगठ्याची माग. माझ्या वतीनं मागू नको.

थांब. … थांब जरा, कोणतरी येऊन राहिलं. … अरे द्येवा. भागवतनं बापाला खाली आणलं. मालक आलेत. काठी टेकत टेकत.

… हां, हां. म्हणत न्हाई मालक, शेषेराव नाव हाय त्यांचं, मालूम हाय. तोंडाला सवय हाय, दिपे. तुझ्या तोंडाला न्हाई, ते बरं हाय. माझ्या तोंडाला चाळीस वर्षाची सवय, एका कॉलनीत राहिल्यानं जाती का?

दिवाळीपासनं हायेत ते लेकाकडं. गुडघे गेले म्हून गॅलरीतनंच बघतेत. आज पहिल्यांदा खाली उतरले. … तुला काय आठवणार, तू ल्हान होतीस. आमची बायांची रांग असायची ह्यांच्या रानात, जिच्या तिच्या वाट्याला एकेक पात, खुरपायची पट्टी. आन् हे छत्री घेऊन बांधावर हुभे. दिवसभर. माझी पात पार टोकाला गेली की मागनं आवाज यायचा, "भामे, तिथं राहिलं बघ." एक काडी राहिली तरी दिसायची त्यांना. मी परत मागं जायची, वाकायची, ती एक काडी उपटायची. एकदा दिवसातनं सात वेळा परत पाठवलं मला. तू पोटात होतीस.

हळू बोलते. … ऐकू आलं तर येऊ दे.

… इथं हुभे हायेत. माझ्याकडं न्हाई बघून राहिले, खाली बघून राहिलेत. काठीनं हलवून बघितलं. … मला म्हणाले, "भामे, हे तर आमच्या बांधावरचं."

हाव मालक, तुमच्याच बांधावरचं.

… दिपे, वळखलं त्यांनी. बांधावरची मी कवा उपटत न्हवते. रानातली काढायची, बांधावरची सोडून द्यायची. गाठीगाठीला मूळ धरती ती, माती हलू देत न्हाई. लई पाऊस झाला त्या साली शेजारच्यांचे बांध फुटले, ह्यांचा जसाच्या तसा. त्यांना मालूम न्हवतं कामून राहिला ते. मला मालूम होतं.

थांब, आणिक काय बोलले ते ऐकू दे.

… काय? … काय म्हणालात मालक?

… दिपे. म्हणतेत, माझ्या बांधावरचं हाय म्हंजे माझं हाय. आन् मी सांगतो, काढून टाका.

… न्हाई, तू बोलू नको त्यांच्याशी. न्हाई देत त्यांना फोन. मला बोलू दे. तू फक्त धरून ठेव फोन. कानाला लाव आन् गप ऐक.

मालक, तुमचं हाय ना? मंग तुम्हीच काढा. माणसं कशाला पाहिजेत, कुदळ कशाला? हे घ्या खुरपं.

… हाव, माझ्यापशी हाय खुरपं. दिपे, तेच. तू भंगारात दे म्हणलीवतीस ते. दिलं न्हाई. पिशवीत ठेवलंय.

घ्या मालक. तुमची वस्तू, तुमचा हात. मी ह्या बाजूला सरकून बसते, तुमच्या वाट्याला पात देते. इथनं त्या बाकापर्यंत. … भागवत, तू कामून मधी येऊन राहिलास? तुझ्या वडलांशी बोलतेय मी. … पाव्हण्यांसाठी करतेत ते, करू दे की.

… दिपे, बसून राहिले. … अगं खरंच, खाली बसून राहिले. भागवतनं हाताला धरलं तर झटकलं. जिद्दीचा माणूस हाय, ते तर मालूमच हाय मला. बसले एकदाचे. काठी बाजूला ठेवली.

… खुरपं धरलं. … न्हाई तसं न्हाई मालक, अंगठा वरनं न्हाई, बाजूनं. पातं आडवं. हां. मुळाखाली घाला.

… चाळीस वर्षांत पहिल्यांदा बघतेय मी ह्या माणसाच्या हातात खुरपं. दिपाली, तू इथं पाहिजे होतीस.

… न्हाई निघत. एक काडी वढली तर चार वीत लांब वेल हलतो आन् खाली प्रत्येक गाठीला मूळ. घाम आलाय त्यांना. … ताटाएवढी जागा काढली बघ. मुळं तर आतच हायेत. पंधरा दिवसांत भरून येतंय ते, एक पाऊस लागू दे. आमच्या बाया तर हिला निलाजरी म्हणायच्या. मला काईच वाईट वाटून न्हाई राहिलं बघ. सकाळी कुदळ बघून भ्याले आन् आता ह्यांना उपटताना बघून चांगलं वाटून राहिलंय. असं कसं गं होतंय?

… हुभं राहून दिसत न्हाई, मालक. वाकल्यावर दिसतंय.

हां दिपे, बोल. … काय? … कोणत्या ग्रुपवर? … तू आता लिहिलंस? बोलता बोलता? … काय लिहिलंस, वाच बरं.

…

परत वाच.

… "माझी आई उठणार नाही. माझा अंगठा मी मागे घेते." … एवढंच? … बास हाय. लई हाय. … सगळ्या कॉलनीला गेलं ते? … गेलं असंल, भागवत खिशातनं फोन काढून बघून राहिला. … ह्या समोरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाई बी. चष्मा लावून बघून राहिल्या.

आता कोण रडतंय? मी? … घाम हाय. ऊन किती हाय, बघितलंस का.

… काय म्हणून राहिला डायवर? … थांब. डायवर भागवतला म्हणतोय, सायेब, आता अंथरून बी उपेग न्हाई, सावलीला न्यावं लागंल, मालकानं परत बोलिवलंय. नर्सरीच्या मालकानं. … ताडपत्री टाकून राहिला. कुदळी चढवल्या. … भागवत म्हणतोय थांब थांब, टँकर निघालाय. टँकर काई निघाला न्हाई.

… चालू झाला ट्रक. आवाज येतोय का तुला? … हां, तोच. … वळला. … गेला, दिपे. कमानीतनं भायेर गेला.

…

काई न्हाई. आयकून राहिले होते. आवाज पार जाऊस्तोवर.

तू कवा येतीस? … साडेबाराच्या गाडीनं? सुट्टी टाकलीस? … कशाला, झालं की आता. … बरं ये. अहमदपूरला गाडी थांबली की काईतरी खाऊन घे, तशीच येऊ नको. आन् हो, येताना दोन नव्या बादल्या आण. आपली एक फुटलीय. पुनमच्या साखरपुड्याला हिच्यावर हलकं पाणी मारलं पाहिजे सकाळी, लेकरू अनवाणी चालंल. … हाव, मीच मारणार. दुसरं कोण?

… मालक? … बसल्यालेच हायेत अजून. ट्रक गेला, लेक गेला टँकरवाल्याला शिव्या द्यायला, हे आपले खुरपून राहिलेत. थांबायची लाज वाटत असंल. … न्हाई गं, तसं न्हाई. आता कळलं. उठता येईना त्यांना. गुडघे.

… देते. हात देते की. माणूसच हाय. … तू काय म्हणतीस? … हां. आयकलं. बरं, नावानं म्हणून बघते. तुझ्यासाठी.

थांब, फोन खाली ठेवते, हात मोकळा पाहिजे. ठेवू नको तू, ऐक.

… धरा माझा हात. घट्ट धरा. … न्हाई, थांबा. उठायच्या आधी जरा मागं बघा.

शेषेराव, तिथं राहिलं.